शालिनीला न दाखवलेलं घर

नऊ वर्षांपूर्वी आपल्या ज्येष्ठ नागरिक मंडळाच्या वार्षिक अंकात माझा एक लेख छापून आला होता. 'सुख कुठे, अमेरिकेत की युरोपात?' असं त्याचं नाव. मुलुंड पूर्वेला बागेतल्या आपल्या कट्ट्यावर तो बऱ्याच जणांनी वाचला, आणि मुलांना परदेशी पाठवताना दोघांनी माझा सल्लाही घेतला. लेखात मी निकाल अमेरिकेच्या बाजूने दिला होता. अमेरिका मी तोवर दोनदा पाहिली होती. युरोप एकदाही नाही.

यंदा दोन्हीकडे राहून आलो. आता अठ्ठ्याहत्तर पूर्ण आहेत, पुन्हा एवढा प्रवास होईल असं वाटत नाही. जे पाहिलं ते सांगतोच, पण आधी एक गोष्ट सांगायला हवी. ती वगळून हे वर्णन लिहिलं तर तो दुसरा खोटा लेख होईल.

मुलुंड, निघण्याआधी

माझी नोकरी ड्राफ्ट्समनची. उभा जन्म दुसऱ्यांच्या घरांचे नकाशे काढले. आपली सोसायटी पुनर्विकासाला गेली तेव्हा बिल्डरने दाखवलेला कार्पेट एरिया घरोघरी टेप घेऊन मीच तपासला, हे अनेकांना आठवत असेल. तेव्हापासून चौरस फूट कळले की माणसाचं कसं चाललंय ते कळतं, असा माझा समज झाला. मी एकटाच तसा नाही म्हणा. आपल्याकडे नवा माणूस भेटला की नाव, गाव आणि 'कार्पेट किती?' याच क्रमाने विचारतात.

थोरली मुग्धा आणि जावई सुहास आधी टेक्सासला होते. धाकटा निखिल त्यांच्या मागोमाग तिथेच गेला. दहा वर्षांपूर्वी मुग्धा आणि सुहास तिथलं चार बेडरूमचं घर विकून, छोट्या रेवाला घेऊन, नेदरलँड्समधल्या हार्लेम गावी राहायला गेले. नवं घर किती मोठं, म्हणून मी फोनवर विचारलं. तिने चौरस मीटरमध्ये सांगितलं. मी कागदावर गुणाकार केला आणि म्हणालो, "अगं, हे तर आपल्या मुलुंडच्या घराएवढंच झालं!"

"हो ना बाबा, म्हणजे सवय आहेच," ती हसून म्हणाली.

मला ते लागलं. हिला एवढं शिकवलं, आणि ही फिरून आमच्याच मापात आली, असं वाटलं. त्या तिरमिरीत तो लेख लिहिला.

पुढच्या वर्षी मुग्धाने आईला आणि मला बोलावलं; आईला पत्र दाखवूनच चकित करा, असं मला म्हणाली. व्हिसासाठी लागणारं, तिथल्या नगरपालिकेच्या शिक्क्याचं निमंत्रणपत्र कुरिअरने आलं. शालिनी, म्हणजे माझी पत्नी, तेव्हा भाजी आणायला गेली होती. पत्र मी घेतलं आणि सोसायटीच्या जुन्या नकाशांच्या गुंडाळीत ठेवून दिलं. मुग्धाला फोन करून सांगितलं, "आईचे गुडघे दुखतात. तुझ्याकडचा जिना झेपणार नाही म्हणते. तू तिच्याकडे विषय काढू नकोस, तिला रडू येतं." शालिनीला काहीच सांगितलं नाही. महिन्याभराने तिनेच विचारलं, "मुग्धा बोलवत नाही हो आपल्याला?" मी म्हणालो, "जागा नाही तिच्याकडे. आपण विचारलं तर तिला अवघडल्यासारखं होईल. तू काही बोलू नकोस."

तीन वर्षांत मिळून असं तीनदा झालं. तीन पत्रं आली, तिन्ही मी दडवली. त्याच काळात शालिनीला घेऊन मी पुन्हा निखिलकडे जाऊन आलो.

मायलेकी दर रविवारी तासभर फोनवर बोलायच्या. लोणच्यापासून रेवाच्या दातांपर्यंत सगळं बोलायच्या आणि हा एक विषय दोघीही टाळायच्या, कारण दोघींनाही मी तसं बजावून ठेवलं होतं.

चार वर्षांपूर्वी शालिनी गेली. तेराव्याला मुग्धा इथेच होती. आमच्या समोरच्या दारातल्या सावंतवहिनी तुम्हाला माहीत आहेत. मालवणकडच्या, सासरे गिरणीत होते, शालिनीची आणि त्यांची तीस वर्षांची मैत्री. चार बायका बसलेल्या असताना त्या मुग्धाला म्हणाल्या, "आईक एकदा तरी तुझ्या घरी न्यायला हवं होतंस गो. वाट बघीत गेली ती." मुग्धाने मान खाली घातली. तिला वाटत होतं, आईच यायला तयार नव्हती. पण गेलेल्या आईबद्दल ते बोलायचं कसं? मी तिथेच उभा होतो, शालिनीच्या फोटोवरची फुलं सारखी करत. दोन्ही बाजू माहीत असलेला त्या खोलीत मी एकटाच होतो. मी फुलं सारखी करत राहिलो.

हे का केलं, असं तुम्ही विचाराल. लेखात लिहून बसलो होतो, हे एक कारण. मुग्धाने माझं न ऐकता टेक्सास सोडलं, हे दुसरं. निखिलच्या घरात मला मोठं झाल्यासारखं वाटायचं, हे तिसरं. तिन्ही एकत्र केली तरी ती पुरत नाहीत. यंदा निखिलने तिकीट काढतो म्हटल्यावर मीच सांगितलं, परतताना तीन आठवडे मुग्धाकडे. तिला खरं सांगायचं, हे ठरवूनच मी विमानात बसलो होतो. सांगता येईल की नाही, ही धास्ती मात्र सबंध प्रवासभर होती.

टेक्सास

निखिलचं घर डॅलसपासून तासाभरावर आहे. कोठीघर आपल्या स्वयंपाकघराहून मोठं. फ्रिजच्या दारातूनच बर्फ पडतो, आणि प्रत्येक नळाला गरम पाणी. निखिल, सून आणि दोन पोरं असे घरात चौघेजण असूनही दिवसभर कोणाचा कोणाला धक्का लागत नाही. आपल्या घरात शालिनी आणि मी स्वयंपाकघराच्या दारात समोरासमोर आलो की एकाला मागे सरावं लागायचं, त्याची आठवण आली.

मी येणार म्हणून निखिलने न्हाणीघरात भिंतीला स्वतः दांडा बसवला होता. "धरून उठा हं बाबा," म्हणाला, आणि तो किती घट्ट आहे हे दाखवायला स्वतः त्याला लोंबकळला. पंचेचाळिशीचा मुलगा. मला हसू आवरेना.

चौथ्या दिवशी घरात कोणी नसताना मी कोथिंबीर आणायला पायी निघालो. मुलुंडला खाली उतरून दोन मिनिटांत जुडी घेऊन येतो, त्याच हिशेबाने. बाहेर पडल्यावर लक्षात आलं की रस्त्याला चालायची बाजूच नाही. गवतातून चालत राहिलो. तिसरीच गाडी शेजारी थांबली. मोठी टोपी घातलेला एक धिप्पाड गृहस्थ खिडकीतून म्हणाला, "सर, तुम्ही ठीक आहात ना? रस्ता चुकलात का?" मी म्हटलं, "नाही, कोथिंबीर आणायला चाललोय." तो पाच सेकंद माझ्याकडे बघत राहिला, मग दार उघडून म्हणाला, "बसा." दुकान चार मैलांवर होतं. तो माझ्याबरोबर आत आला, कोथिंबीर समजून मी तशीच दिसणारी पार्स्ली उचलत होतो ती परत ठेवायला लावली आणि घरी सोडून गेला. संध्याकाळी त्याची बायको पीचची परडी घेऊन आली. अमेरिकेत माणुसकी नाही असं म्हणणाऱ्याला आता मी त्या टोपीवाल्याबद्दल सांगतो.

निखिल नोकरीसाठी रोज जाऊन-येऊन दोन तास गाडी चालवतो. माझ्यासाठी त्याने चार दिवस रजा काढली, आणि त्या चार दिवसांतही फोन सतत हातात. मी म्हटलं, "अरे, थकत नाहीस?" तो म्हणाला, "गाडीतले दोन तास मला आवडतात बाबा. तेव्हा कोणी हाक मारत नाही. मोठं घर, मोठं अंगण, पोरं गवतात लोळतात, हे मला हवंच होतं. ताईला नको होतं. भांडण कसलं त्यात?"

आम्ही मागच्या अंगणात बसलो होतो. जरा वेळाने त्याने विचारलं, "बाबा, ताईने आईला खरंच कधी बोलावलं नाही? मागच्या वेळी आई याच खुर्चीत बसून मला विचारत होती, मुग्धाचं माझ्यावर काही आहे का म्हणून."

मी म्हणालो, "तिच्याकडे जिना फार अवघड आहे."

शालिनी गेल्यावरही तेच खोटं माझ्या तोंडून निघालं, इतकं सहज की मलाच शरम वाटली.

हार्लेम

हार्लेमची घरं एकमेकांना खांदे लावून उभी आहेत, आपल्या जुन्या चाळींसारखी. फक्त विटांची, आणि प्रत्येकाला आपापलं दार. मुग्धाचं घर तीन मजली, पण मजला म्हणजे एक-दीड खोली. जिना खरोखरच अवघड निघाला. पायरी अर्ध्या पावलाची आणि चढ शिडीसारखा. आपल्याकडे असा नकाशा मंजूरच झाला नसता. पहिल्याच दिवशी वर जाऊन बघून आलो आणि उतरताना मध्येच अडकलो. रेवा आता अकरा वर्षांची आहे. खालून ओरडली, "आजोबा, उलटं! तोंड जिन्याकडे करून उतरायचं, बोटीवर उतरतात तसं!" तसा उतरलो. बोटीवर कधी गेलो नाही, पण जमलं.

मात्र माझी झोपायची सोय वर नव्हतीच. खालच्या दर्शनी खोलीत, रस्त्याकडच्या खिडकीशी पलंग मांडला होता. संडास खाली, बेसिन खाली, स्वयंपाकघर खाली. पलंगावर बसून मी मनातल्या मनात त्या मजल्याचा नकाशा काढला. म्हाताऱ्या माणसाला लागणारं सगळं त्यात होतं, जिन्याच्या पहिल्या पायरीलासुद्धा पाय लावायची गरज नव्हती. हे मला फोनवर दोन प्रश्न विचारूनही कळलं असतं. मी विचारले नव्हते.

सकाळी रेवा पावाला लोणी लावून त्यावर चॉकलेटचे दाणे पसरते आणि तो नाश्ता समजते. दुपारीही पाव, आत चीज. संध्याकाळी सहाला जेवण, तेही शेजारच्यांना उशिरा वाटतं. पहिले दोन दिवस मी खिचडीसाठी कासावीस झालो. तिसऱ्या दिवशी मुग्धाने न सांगता केली. सुहास शुक्रवारी घरी असतो. रजा नाही, आठवड्याचे चारच दिवस काम, पगारही त्या मापाने कमी. शुक्रवारी तो धुणं वाळत घालतो आणि रेवाच्या वर्गाला पोहायला नेतो. मुलुंडला जावई शुक्रवारी सकाळी घरी धुणं वाळत घालताना दिसला असता, तर नोकरी गेली समजून लोक सांत्वनाला आले असते.

पाचव्या दिवशी मी एक तमाशा केला. संडासात दाराच्या आतल्या बाजूला एक कॅलेंडर टांगलेलं होतं. त्यात साल नाही, वार नाही, नुसते महिने आणि तारखा, आणि तारखांपुढे हाताने लिहिलेली नावं. वाचता वाचता एका ओळीशी आलो. तिथे 'आई' असं लिहिलं होतं. शालिनीचा वाढदिवस.

मी तरातरा बाहेर आलो. "मुग्धा, आईचं नाव संडासात टांगलंस? लाज नाही वाटली?"

मुग्धा आणि सुहास एकमेकांकडे बघून हसायलाच लागले. "बाबा, इथे प्रत्येकाकडे वाढदिवसाचं कॅलेंडर तिथेच असतं. दिवसातून चारदा नजर जाते, कोणाचा विसर पडत नाही. शेजारच्या रियाकडेही तिथेच आहे, तिच्या नवऱ्याचं नाव, मुलांचं नाव, सगळी."

"आणि माणूस गेल्यावर?"

"काहीजण नावापुढे छोटा क्रॉस काढतात." ती हसायची थांबली. "मी नाही काढला. हे कॅलेंडर रियानेच दिलं होतं, आई येणार होती तेव्हा. आईचा वाढदिवस इथे करायचा ठरवला होता ना. पहिलं नाव तिचंच लिहिलंय त्यात."

मी पुन्हा आत जाऊन दार लावून घेतलं. बराच वेळ बाहेर आलो नाही.

दुसऱ्या दिवशी रिया कॉफीला आली. ऐंशी उलटलेली डच बाई, सायकलवरून बाजार करते. तिकडे कोणाकडे जायचं तर आधी दिवस-वेळ ठरवावी लागते; शेजारच्या दारातून यायलासुद्धा तिने दोन दिवस आधी निरोप पाठवला होता. सावंतवहिनी वाटीवर ताटली ठेवून बेल न वाजवता आत येतात, ते मला तेव्हा फार श्रीमंतीचं वाटलं. कॉफीबरोबर एकच बिस्किट, मग डबा बंद. रियाने मला इंग्रजीत विचारलं, "माझा पलंग कसा आहे? पाठ दुखत नाही ना?"

"तुमचा पलंग?"

"हो. तुमची बायको येणार होती तेव्हा मी दिला होता. तिचे गुडघे दुखतात म्हणून मुग्धाला पलंग खालीच हवा होता. सहा महिने तो इथे मांडलेला होता. कोणीच आलं नाही. दुसऱ्या वर्षीही मांडला." तिने बिस्किट कॉफीत बुडवलं. "का नाही आलात तुम्ही?"

तिकडची माणसं असा प्रश्न सरळ विचारतात. आपल्या मुलुंडच्याही विचारतात, पण निदान आधी चहा कसा झालाय ते सांगतात. मुग्धा माझ्या आधी बोलली, "आईला नव्हतं जमत, रिया." किती सांभाळून बोलली ती. माझ्यासाठी नाही, आईसाठी.

बुधवार

बुधवारी तिथल्या शाळा दुपारी बारालाच सुटतात आणि मुग्धाही दुपारनंतर घरी असते. रेवा वर कपडे बदलत होती. मुग्धा स्वयंपाकघरात तिचा डबा भरत पाव कापत होती. मी दाराशी उभा राहून म्हणालो, "मुग्धा, आई नाही म्हणाली नव्हती."

"कशाला?"

"इकडे यायला. मी तिला विचारलंच नव्हतं. तुझी पत्रं मी तिला दाखवली नाहीत."

सुरी थांबली. "कुठली पत्रं?"

"तिन्ही."

"मग तिला काय वाटत होतं?"

"तू बोलवत नाहीस. जागा नाही तुझ्याकडे. असं मी सांगितलं होतं."

तिने पावाचा तो तुकडा पूर्ण कापला, डब्यात ठेवला, झाकण लावलं. घड्याळाकडे पाहिलं. "रेवाची हॉकी आहे एक वाजता. निघायला हवं."

दोघी सायकली काढून गेल्या. मी खिडकीशी त्या पलंगावर बसलो. तिकडे खिडक्यांना पडदे ओढत नाहीत, येणारेजाणारे आत बघून हात करतात. त्या दोन तासांत सहा-सात अनोळखी माणसांनी मला हात केला. मीही केला. आत काय चाललंय ते त्यांना कुठून कळणार?

परत आल्यावर रेवा अंघोळीला वर गेली. मुग्धा कोट न काढताच जिन्याच्या खालच्या पायरीवर बसली.

"मला वाटायचं, आई रागावलीय. टेक्सास सोडलं म्हणून. तुमचं मत तेच तिचं मत, असं वाटायचं. म्हणून मी पण कधी जोर केला नाही." मग म्हणाली, "आणि ती जाताना काय समजून गेली?"

"तू बोलावलं नाहीस, असंच."

"का केलंत हे?"

"घर लहान होतं म्हणून."

माझ्याच कानाला ते कसं लागलं, ते सांगता येत नाही. तिने मान वर करून आजूबाजूला पाहिलं, जणू घर पहिल्यांदाच बघतेय. "एवढ्यासाठी, बाबा?"

"एवढ्यासाठीच."

मी म्हणालो, माफ कर. ती म्हणाली, "आत्ता नाही येत करता. उगाच तोंडदेखलं कशाला बोलू? पण एक करा. तेराव्याला सावंतकाकू मला सगळ्यांसमोर बोलल्या, तुम्ही तिथेच होता. जिथे बोललं गेलं तिथे जाऊन सांगा. आणि तुम्हाला लिहायची हौस आहे ना? लिहा."

मग उठून तिने वरणाला फोडणी दिली.

त्यानंतरचे दिवस

गुरुवारी ती माझ्याशी कामापुरतंच बोलली. शुक्रवारी सुहास मला गावच्या वाचनालयात घेऊन गेला. वाटेत म्हणाला, "तिला वेळ द्या. आणि बाबा, नीट जेवा. तुम्ही जेवत नाही म्हटल्यावर तिला रागावताही येत नाही धड."

वाचनालय चार मजली आहे. खालच्या मजल्यावर रेवाच्या वयाची मुलं जमिनीवर पसरून वाचत होती, जणू घरीच आहेत. बाहेर सायकलींचा वेगळा रस्ता, त्यावरून ही अकरा वर्षांची पोर एकटी शाळेत, हॉकीला, मैत्रिणीकडे जाते. माझ्या लक्षात आलं की मुग्धाच्या घराचा नकाशा काढायचा तर भिंतीपाशी थांबून चालणार नाही. वाचनालय, तो सायकलचा रस्ता, पोहण्याचा तलाव, सुहासचा शुक्रवार, हे सगळं त्या घरात धरावं लागेल. निखिलचं घर कुंपणापाशी संपतं. पण कुंपणाच्या आतलं सगळं त्याचं एकट्याचं आहे, त्याच्या मुलांना तिथे ओरडायला कोणाची परवानगी लागत नाही, आणि ते सुखही लहान नाही. आपल्या घरांचं म्हणाल तर पॅसेज धरल्याशिवाय ती पुरी होत नाहीत. चपलांचं कपाट, सावंतवहिनींची तुळस, सकाळी त्यांच्याकडच्या कुकरच्या शिट्ट्या मोजणं, यातलं कार्पेटमध्ये काहीच येत नाही.

तिकडचं सगळंच चांगलं, असं मात्र समजू नका. मला खोकला झाला तेव्हा डॉक्टरने आठवड्यानंतरची वेळ दिली, आणि तोवर गरम पाणी प्या म्हणून सांगितलं. इथे आपला औषधवाला फोनवर खोकला ऐकून बाटली वर पाठवतो. आभाळ आठ दिवस राखाडी होतं. शेजारी मेला तरी कळायला वेळ ठरवावी लागेल की काय, असं एकदा वाटून गेलं. पण खोकला आठवड्यात आपोआप गेला, हेही खरं.

रविवारी मी बाहेर निघालो तेव्हा मुग्धा मागून येऊन म्हणाली, "टोपी घाला. कान उघडे ठेवलेत की पुन्हा खोकाल." बुधवारनंतरचं तिचं ते पहिलं बिनकामाचं वाक्य. त्याबद्दल मी देवाचे आभार मानले, आणि तिचेही, मनातल्या मनात. विमानतळावर तिने वाकून नमस्कार केला. मिठी मारली नाही. रेवाने मारली. निखिलने एकाच आठवड्यात तीनदा फोन केला, कारण हे सगळं मुग्धाने त्याला सांगितलं होतं. तो एवढंच म्हणाला, "बरं केलंत बाबा. उशिरा केलंत." दोन मुलं, दोन देशांत, दोघंही अजून मला 'बाबा' म्हणतात. याहून जास्त काही मागायचा हक्क मला नाही.

मुलुंड, परतल्यावर

आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला मी समोरची बेल वाजवली. सावंतवहिनी जमिनीवर बसून वालाची बिरडी सोलत होत्या. "येवा भाऊजी! बारीक झालात ओ. पाव खाऊन ऱ्हवलात काय?"

मी खुर्चीत बसलो आणि सगळं सांगितलं. तिन्ही पत्रं, गुडघे, जिना, रियाचा पलंग. त्या सोलत होत्या. मग हात थांबले.

"तेराव्याक तुम्ही तिथेच होतात ना?"

"हो."

"फुलं सारखी करीत होतात."

"हो."

"आणि माका बोलू दिलात." त्यांचा आवाज चढला. "त्या पोरीची आई गेलेली, आणि मी तिका चार बायकांत बोललंय! तेव्हा तोंडाक काय झालेलं तुमच्या? आणि शालू! ह्या दारात बसून माझ्याजवळ रडलेली ती. लेकीक नको झालंय म्हणून."



त्यांनी पदराने डोळे पुसले, हात पुसले. "फोन लावा तिका."

"आत्ता तिकडे सकाळचे साडेसहा वाजलेत."

"उठली असेल. शाळेचा डबा असता. लावा."

मी व्हिडिओ लावून दिला. मुग्धा स्वयंपाकघरात होती, केस विस्कटलेले. वहिनींनी फोन माझ्या हातातून घेतला. "मुग्धा, मी सावंतकाकू. गो बाय, मी चुकलंय. माका माहीत नव्हतं. आत्ता ह्या बाबान येऊन सांगितल्यान."

मुग्धा रडायला लागली. चार वर्षांत, अगदी त्या बुधवारीसुद्धा, तिला मी रडताना पाहिलं नव्हतं. वहिनीही रडत होत्या. मी उठून त्यांच्या गॅलरीत जाऊन उभा राहिलो.

परत आलो तर मुग्धा फोन हातात धरून घर दाखवत होती आणि वहिनी मोठ्याने बोलत होत्या. "हे इतकं इवलंसं सिंक? भात कुठे धुतंस? आणि हा पलंग? खिडकीपाशी? शालून दिवसभर इथे बसून रस्त्यावरच्या लोकांक नावं ठेवली असती गो!" मुग्धा रडता रडता हसत होती. "अगदी काकू! मी तेच म्हणायचे सुहासला!" मग बिरड्यांना मोड आणायचा विषय निघाला, तिकडच्या थंडीत ते येत नाहीत म्हणून. उबेला कुठे ठेवायचे, फडकं कसलं घ्यायचं. तासभर दोघी बोलत होत्या. त्या तासात माझ्याकडे कोणी पाहिलं नाही, आणि मला बऱ्याच वर्षांनी बरं वाटलं. उरलेली बिरडी मी सोलत बसलो.

शेवटी मुग्धा म्हणाली, "काकू, आई नाही आली. तू ये ना. मे महिन्यात ये, ट्युलिप असतात."

"मी? माझा पासपोर्टसुद्धा नाय गो!"

"काढ की मग."

फोन बंद झाला. वहिनींनी सोललेल्या बिरड्यांची वाटी माझ्यासमोरून उचलली, दोन साली निवडून काढल्या आणि विचारलं, "त्या पासपोर्टाक काय काय लागता?"

मी म्हणालो, "आधार, जन्माचा दाखला. फॉर्म मी भरून देतो वहिनी. काही काळजी करू नका."

"फॉर्म भरा तुम्ही, अक्षर चांगला आसा तुमचा," त्या म्हणाल्या. "पण तिका मी सांगूनच ठेवतंय. बोलावण्याचा कागद थेट माझ्या दारात येऊ दे. तुमच्याकडे नको."

मी म्हणालो, "बरोबर आहे."